आमचं रुग्णालय बंद पडलंय, हे एकदा जाहीर तरी करा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
तसेच सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

माझं मेडिकलचं दुकान एका ग्रामीण रुग्णालयाच्या गेटसमोर आहे. मधे फक्त रस्ता, एक वडापावची गाडी आणि १०८ उभी राहते तेवढी जागा. सव्वीस वर्षं मी काउंटरच्या आतून त्या गेटकडे बघतोय. दुकानाच्या वरच घर आहे, त्यामुळे रात्रीचंही दिसतं. तालुक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर चौकशी लागेल, आणि चौकशीत सापडेल ती दोघींची ड्युटी एकटीने ओढणारी सिस्टर. दुसरं कुणी सापडत नाही, हा अनुभव आहे.

आधीच एक कबुली देऊन टाकतो. रुग्णालयातली औषधं संपली की माझा गल्ला भरतो. आतल्या खिडकीवर 'शिल्लक नाही, बाहेरून घ्या' असं उत्तर मिळालं की माणसं चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडतात आणि माझ्याकडेच येतात. म्हणजे हे पत्र मी माझ्याच पोटावर पाय देऊन लिहितोय. तेव्हा यात स्वार्थ शोधायचा असेल तर जरा उलट्या बाजूने शोधा.

माझं म्हणणं एकच आहे. आमचं रुग्णालय बंद पडलेलं आहे, पण ते बंद पडल्याची नोंद कुठेही नाही. आणि नोंदच नाही, म्हणून ते चालू करण्याचं धोरणही नाही.

आपल्याला वाटेल, हा माणूस काय बोलतोय? रुग्णालय तर रोज उघडतं. खरंय. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. बाजाराच्या दिवशी तर रांग गेटच्या बाहेर येते. सर्दी-ताप, खोकला, बीपी-शुगरच्या गोळ्या, कुत्रं चावल्याचं इंजेक्शन, टीबीची औषधं, बाळांच्या लसी, रात्री मारामारी करून आलेल्यांची पोलिसांनी आणलेली तपासणी, पोस्टमार्टेम, हे सगळं होतं. पावसाळ्यात साप चावलेले येतात. लस शिल्लक असेल तर आमचे डॉक्टर आणि सिस्टर त्यांना वाचवतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. चांगला निर्णय होता, गर्दी वाढली.

पण ३० खाटांचं रुग्णालय ज्यासाठी बांधलं, ते तिथे होत नाही. सीझर होत नाही. अपेंडिक्स होत नाही. मोडलेला हात बसवत नाहीत. कमी दिवसांचं बाळ ठेवून घेत नाहीत. ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, कुलूप असतं, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे. ती आठवड्यातून एकदा मावशींना घेऊन आत जाते, टेबल पुसून घेते, पुन्हा कुलूप लावते. भूल द्यायचं नवं मशीन आलं तेव्हा ते चालवणारा माणूस निघून गेला होता, त्यामुळे त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. रक्त ठेवायच्या फ्रीजमध्ये इंजेक्शनं ठेवतात. क्वार्टर्सपैकी एकाच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय, आणि पिंपळ तोडायचा नसतो म्हणून तो क्वार्टरसकट वाढतोय.

तरी आपल्या कागदावर हे रुग्णालय 'कार्यरत' आहे. ओपीडीचा आकडा दरमहा वर जातो, तो आकडा जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला जातो, आणि सगळं आलबेल दिसतं.

परवाच्या एका रात्रीचं सांगतो. दीडच्या सुमाराला वाडीवरून एक जीप आली. पहिलटकरीण, संध्याकाळपासून कळा. ड्युटीवर एक कंत्राटी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे, डॉक्टर आणि एक सिस्टर. सिस्टरने तपासलं आणि बाहेर येऊन डॉक्टरांना हळू आवाजात सांगितलं, बाळाचे ठोके कमी होताहेत. १०८ आधीच एका अपघाताचा पेशंट घेऊन सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, गेली होती. सिव्हिल आमच्यापासून ६८ किलोमीटर, मधे घाट. वॉर्डबॉय मामांनी माझं शटर वाजवलं, कारण कॅथेटर आणि युरिन बॅग आत नव्हती. मी खाली आलो, दिलं. सासूने पदराची गाठ सोडून पाचशेची नोट पुढे केली, मी घेतली नाही. घेतली असती तरी चाललं असतं, तो माझा धंदाच आहे, पण त्या वेळी हात पुढे झाला नाही. जीपवाला दुसऱ्या भाड्याला निघून गेला होता. पन्नास मिनिटं ती मुलगी व्हरांड्यातल्या ट्रॉलीवर होती. सिस्टर तिचा हात धरून उभी. डॉक्टर मोबाइलची रेंज शोधत गेटपर्यंत येत होते आणि परत जात होते. मग गाडी आली. घाटात तिसऱ्या वळणावर बाळंतपण झालं, गाडीतच.

दोघंही वाचली.

आणि म्हणूनच ती रात्र आपल्या कुठल्याच आकड्यात आलेली नाही. मातामृत्यू नाही, बालमृत्यू नाही, तक्रार नाही. रजिस्टरमध्ये एक ओळ आहे : 'पुढील उपचारासाठी उच्च संस्थेत संदर्भित'. असल्या ओळींनी भरलेली किती रजिस्टरं तालुक्या-तालुक्यांत पडून असतील, याचा हिशेब कधी मागवून बघा.

तिकडे अमेरिकेत रुग्णालय बंद पडतं तेव्हा खरंच बंद पडतं. माझा भाचा कॅन्सस राज्यात फार्मासिस्ट आहे, त्याच्याकडून मी हे सगळं ऐकत असतो. दाराला कुलूप लागतं, गावातल्या वर्तमानपत्रात बातमी येते, लोक सभेला जमतात. २०१० पासून तिथली शंभराहून जास्त ग्रामीण रुग्णालयं अशी बंद झाली किंवा त्यांनी पेशंट दाखल करणं थांबवलं. ते दिसतं, म्हणून त्यावर कायदे होतात. १९९७ साली त्यांनी एक वेगळा दर्जाच ठरवला : फार तर २५ खाटा, दुसऱ्या रुग्णालयापासून लांब, इमर्जन्सी चोवीस तास. अशा रुग्णालयाला वृद्धांच्या सरकारी विम्यातून ठरलेल्या दराऐवजी प्रत्यक्ष खर्चावर पैसे मिळतात, वर एक टक्का. कारण पेशंट कमी असले तरी नर्स, वीज आणि ऑक्सिजन तेवढेच लागतात. २०२३ पासून आणखी एक सोय आहे. खाटा बंद करा, पण इमर्जन्सी चालू ठेवा, त्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम घ्या. त्यांच्याकडे सगळं सोन्यासारखं आहे असं अजिबात नाही. भाचा सांगतो त्या बिलांचे आकडे ऐकले तर आमच्या माणसाला आजारापेक्षा बिलाने आधी झटका येईल. पण आपल्या रुग्णालयात काय होतं आणि काय होत नाही, हे तिथल्या माणसाला घरून निघतानाच माहीत असतं. आमच्या वाडीवरच्या सासूला ते गेटच्या आत आल्यावर, ट्रॉलीवर झोपवल्यावर कळतं.

आमचं रुग्णालय नेहमी असं नव्हतं. २००९ ते २०१२ अशी साधारण तीन वर्षं ते खरोखर चालत होतं. एक डॉक्टर जोडपं बदलून आलं होतं, बाई स्त्रीरोगतज्ज्ञ, साहेब भूलतज्ज्ञ. योगायोगच, कुणी ठरवून पाठवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्या महिन्यात बाईंनी ओटी धुवून काढली, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह दुरुस्त करायला जिल्ह्याहून माणूस आणला, त्याचं जेवण माझ्या घरी झालं. मग एका रात्री जनरेटरच्या उजेडात पहिलं सीझर झालं आणि सकाळपर्यंत गावभर बातमी. त्या तीन वर्षांत माझ्या दुकानात झबली-टोपडी, बाळाची पावडर, बाळंतिणीचे पट्टे यांना एक वेगळा रॅक करावा लागला. वाण्याकडे डिंक आणि अळीव जास्त खपायला लागले, तो अजून त्या दिवसांची आठवण काढतो. २०११ च्या जूनमध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला : बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, जेवण, येण्या-जाण्याची गाडी, सगळं मोफत. योजना आली तेव्हा ती राबवणारी माणसं जागेवर होती. बालरोगतज्ज्ञ नव्हते, पण शेजारच्या तालुक्यातून एक जण आठवड्यातून दोनदा येत. जमवून घेतलं जात होतं.

मग सर्वसाधारण बदल्या आल्या. बाईंची एका टोकाला, साहेबांची दुसऱ्या. पती-पत्नी एकत्रीकरणासाठी त्यांनी अर्ज केले, वर्षभर वाट बघितली आणि राजीनामे दिले. आता जिल्ह्याच्या गावी त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. आमच्याच तालुक्यातल्या बायका ६८ किलोमीटर जाऊन तिथे पैसे भरून बाळंत होतात. डॉक्टर त्याच, बायकाही त्याच, फक्त मधे घाट आणि बिल आलं.

यातून मला जे कळलं ते आपल्या खात्याला माहीत नसेल असं नाही, पण ऑर्डरी काढताना ते विसरलं जातं. तज्ज्ञ एकटा पाठवून काही होत नाही. त्या जोडप्यानंतर दोन वर्षांनी एक सर्जन आले. तरुण, हुशार, कामाची हौस. भूल द्यायला माणूस नाही, म्हणून सहा महिने ओपीडीत खोकल्याच्या गोळ्या लिहीत बसले. पुढे अधीक्षकांची बदली झाली आणि त्यांच्याकडे प्रभारी चार्ज आला. मग तर काय, वीजबिल, डिझेलचा हिशेब, माहिती अधिकाराचे अर्ज, वरिष्ठांच्या व्हिडिओ कॉन्फरन्स. ज्यांच्या हातात सुरी असायची त्यांच्या हातात शिक्का आला. वर्षभरात गेले. त्यानंतर कधीतरी एक भूलतज्ज्ञ आले, तेव्हा सर्जन नव्हते. दोघं एका वेळी आमच्या गेटमधून आत गेलेले मी पुन्हा पाहिले नाहीत.

आणखी एक गंमत. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं भूल देण्याचं प्रशिक्षण देण्याची सोय केंद्राच्या आरोग्य कार्यक्रमात बऱ्याच वर्षांपासून आहे. तसंच सीझरचंही. कल्पना झकास. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी भुलीचं प्रशिक्षण पूर्ण केलं, आम्ही हार घातला. पुढच्याच ऑर्डरीत त्यांची नेमणूक झाली एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिथे ओटीच नाही.

देशभराचं चित्रही बघा. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामीण रुग्णालयांत, गरजेच्या तुलनेत सर्जनांची ८३ टक्के, फिजिशियनची ७९ टक्के, बालरोगतज्ज्ञांची ८१ टक्क्यांहून जास्त आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४ टक्के कमतरता होती. सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे असं एक रुग्णालय, हा निकष. इमारती त्या मापाने उभ्या राहिल्या, माणसं राहिली नाहीत.

आणि यावर उपाय म्हणून आमचे पुढारी काय मागतात? श्रेणीवर्धन! तीस खाटांचं पन्नास खाटांचं करा. प्रत्येक निवडणुकीत हे आश्वासन असतं, पक्ष कुठलाही असो. तीस खाटांना डॉक्टर नाहीत तिथे आणखी वीस खाटांचा नारळ फुटतो, संगमरवरी पाटी बसते, कंत्राटदाराचं बिल निघतं. नव्या इमारतीला माझा विरोध नाही. पण साहेब, खाट पेशंटला बरं करत नाही. आमच्याकडे आज तीस खाटांपैकी दहा-बारांवर माणूस असतं, तेही सलाइनपुरतं.

आता मी जे लिहिणार आहे ते माझ्या गावातल्या लोकांनाही आवडणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सगळे तज्ज्ञ आणून बसवता येतील, यावर माझा विश्वास उरलेला नाही. सव्वीस वर्षांत उडाला. म्हणून म्हणतो, जिल्ह्याचा नकाशा पुढे घ्या आणि कोणत्याही वाडीवरून तासाभरात पोचता येईल अशा हिशेबाने काही रुग्णालयं निवडा. तिथे पूर्ण टीम द्या : स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्ताची सोय, रात्रीची ओटी सिस्टर. एकाची बदली करायची तर दुसरा हजर झाल्याशिवाय पहिल्याला सोडायचं नाही. बाकीची रुग्णालयं प्रामाणिकपणे छोटी ठेवा : साधं बाळंतपण, साप-विंचू, अपघाताचा पहिला तास, ऑक्सिजन, आणि गेटवर कायम एक गाडी. त्यात आमचं रुग्णालय छोट्या यादीत गेलं तरी मी मोर्चा काढणार नाही. खोट्या तीस खाटांपेक्षा खऱ्या दहा परवडल्या.

छोटी जागा म्हणजे कमी प्रतीची, असंही कुणी समजू नये. डॉ. हिंमतराव बावसकर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाने माणसं डोळ्यांदेखत जात होती. रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवत त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला, ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी आजही माझ्या दुकानात असते. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात ती संपू देत नाही मी.

पैशाचं म्हणाल तर, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा. आपलं राज्य त्या आकड्याच्या बरंच खाली आहे. आणि 'निधी नाही' हे उत्तर तर चालतच नाही. पश्चिम बंगालमधल्या एका जखमी मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलंय की तातडीचे उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि पैशाची अडचण सांगून सरकारला ती जबाबदारी टाळता येणार नाही.

पैसा कुठून आणायचा याचंही एक उदाहरण आमच्या गडचिरोलीला लागूनच आहे. छत्तीसगडमधलं बिजापूर. नक्षलग्रस्त, जंगल, रस्त्यांची बोंब. तिथल्या जिल्हा रुग्णालयाने खाणींतून येणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वापरून तज्ज्ञांना भक्कम पगार दिले, राहायला नीट घरं दिली, आणि डॉक्टर गेले की! खनिज निधी आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरलाही आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात 'तुमच्या पगाराचा आकडा तुम्ही सांगा, आम्ही देतो' अशी तज्ज्ञांसाठी तरतूदही आहे. तो आकडा जोडीला द्या, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना एकत्र. एकट्याला देऊन तो खोकल्याच्या गोळ्याच लिहिणार.

बंधपत्राचं मात्र मला फारसं कौतुक नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलाने एक वर्ष सेवा द्यायची, अशी ती अट. मुलं येतात, वर्षभर पुढच्या परीक्षेची पुस्तकं वाचतात, जातात. त्यांचा दोष नाही. ज्या क्वार्टरमध्ये नळाला पाणी नाही तिथे तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने एकटीने राहायचं आणि रात्री दारूच्या नशेतल्या नातेवाइकांना तोंड द्यायचं. २०१० साली डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आला, त्याची पाटी आमच्या ओपीडीत लटकलेली आहे. तिच्याखालीच मागच्या वर्षी कॉलर धरली गेली. उलट, सेवेतल्या डॉक्टरांना पदव्युत्तर जागांमध्ये आरक्षण देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला. तो रस्ता जास्त कामाचा आहे. तालुक्यात पाच वर्षं काढलेल्या डॉक्टरला शिकू द्या आणि शिकून आला की त्याच्या विषयाचं काम द्या, शिक्का नको.

आता माझ्या अखत्यारीतला विषय, औषधं. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी महामंडळ काढलं. तिथे प्रत्येक रुग्णालयाकडे बँकेसारखं पासबुक असतं. वर्षाला इतक्या रकमेची औषधं तुमची, जेवढी उचलाल तेवढी वजा. गोदाम जिल्ह्यातच. आपल्याकडे खरेदी आधी खात्याकडे, २०१७ पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे, २०२३ ला त्यासाठी वेगळं प्राधिकरण. प्रत्येक वेळी घडी मोडली की मधले महिने आमच्या खिडकीवर 'शिल्लक नाही'. त्या महिन्यांत मी कसा पैसा केला ते मला ठाऊक आहे. घरी वरचा मजला उगाच नाही चढला. आतल्या फार्मासिस्टला ई-औषधी या सरकारी संगणकप्रणालीवर साठा दिसतो. तोच साठा रोज सकाळी बाहेरच्या भिंतीवर दिसू द्या, एवढंच माझं मागणं. माझा धंदा कमी होईल, होऊ दे.

त्यावरून मुख्य मागणीकडे येतो. तिला पैसे लागत नाहीत. 'बंद' या शब्दाची व्याख्या करा. ज्या रुग्णालयात सलग तीस दिवस एकही सीझर झालं नाही ते शस्त्रक्रियेसाठी बंद. रात्री आठ ते सकाळी आठ एमबीबीएस डॉक्टर हजर नाही ते रात्रीसाठी बंद. सापाची लस शून्यावर आली तर त्या दिवशी सापासाठी बंद. ओपीडी कितीही झाली तरी. हे गेटवर लिहा, केसपेपरच्या पाटीएवढ्या मोठ्या अक्षरात : आज भूलतज्ज्ञ आहेत किंवा नाहीत, आज सीझर होईल किंवा होणार नाही. तेच १०८ च्या कंट्रोल रूमला कळवा आणि आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. त्या रात्रीच्या जीपवाल्याला हे आधी कळलं असतं तर तो आमच्याकडे थांबलाच नसता. वाडीवरून सरळ घाटाला लागला असता. पन्नास मिनिटं वाचली असती, एक रुपया न खर्चता.

एकदा का 'बंद' लिहिलं की पुढचं घड्याळ चालू व्हावं. तीस दिवसांत टीम द्यायची जबाबदारी कुणाची, हे पदाच्या नावासकट ठरलेलं असावं. सिव्हिल सर्जनची असेल तर सिव्हिल सर्जनची, संचालकांची असेल तर त्यांची. नव्वद दिवस झाले तर विधिमंडळात यादी ठेवा, तालुकावार. मग आमदार श्रेणीवर्धनाऐवजी भूलतज्ज्ञ मागायला लागतील, कारण यादीत त्यांच्या तालुक्याचं नाव असेल.

खात्यातले एक जुने अधिकारी, माझ्याकडे बीपीच्या गोळ्या घ्यायला यायचे, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, अशी पाटी लावली तर लोक दगड मारतील. मला तसं वाटत नाही. लोक दगड मारतात ते आत गेल्यावर फसवल्यासारखं झालं म्हणून, आणि लागतो तो सिस्टरला, कारण तेवढी एकच समोर उभी असते. ज्यांनी ऑर्डर काढलेली नसते ते मंत्रालयात असतात, तिथवर आमचा दगड पोचत नाही.

आणि आपण एकदा येऊन बघा. मंगळवारी या, आमचा बाजार असतो, पण सकाळी नको, रात्री अकरानंतर या. ताफा घाटाखाली ठेवा. केसपेपर काढा, पोटात दुखतंय म्हणून सांगा, आणि बाकड्यावर बसा. चहा मी पाजतो.

आपला,
गेटसमोरचा मेडिकलवाला

ता. क. : येणार असाल तर कृपया कळवू नका. मागच्या वेळी एक साहेब कळवून आले होते, तेव्हा रात्रीत कंपाउंडला चुना लागला, पायरीवर ठेवायला माझ्या दारातल्या चार कुंड्या मामांनी उसन्या नेल्या. त्यातल्या दोन अजून परत आलेल्या नाहीत.